बॅटरीवर पिकलेलं मोरचूद

आमची पिकअप वर्षातला बराच काळ अंबड तालुक्यातून जालन्याच्या मार्केटला मोसंबी वाहते. मृग बहराचा माल चालू होता, ऊन तापायला लागलं होतं आणि गाडी सेल उचलेना. चावी फिरवली की बॉनेटखालून नुसतं 'कट'. पुन्हा फिरवली, पुन्हा 'कट'. लाइट मात्र लख्ख, हॉर्न खणखणीत.

धक्का मारून गाडी चालू व्हायची. पण मार्केटात, भरल्या गाडीला धक्का मारायला कोण येणार? गावाचं मत एकच पडलं : बॅटरी बसली, नवी टाका. बॅटरीच्या दुकानदाराने तर गाडी न बघताच फोनवर भाव सांगितला. मला ते पटेना, कारण बॅटरी बसली असती तर लाइट आधी पिवळे पडले असते.

यामागचा हिशोब सोपा आहे. दोन्ही हेडलाइट मिळून नऊ-दहा अँपिअर घेतात, तर डिझेल गाडीचा स्टार्टर, म्हणजे सेल मारल्यावर इंजिन फिरवणारी मोटर, दोनशेच्या आसपास ओढतो. टर्मिनलच्या, म्हणजे बॅटरीला केबल जिथे आवळतात त्या सांध्यात नुसता ०.०३ ओहमचा अडथळा आला, तरी दोनशे अँपिअरला तिथेच ६ व्होल्ट गळतात आणि स्टार्टरच्या वाट्याला अर्धीच बॅटरी येते. लाइटच्या वाटेवर त्याच सांध्यात पाव-अर्धा व्होल्ट जातो, डोळ्यांना तो कळतही नाही.

बॉनेट उघडून प्लसचं रबरी टोपण काढलं. खाली निळ्या-हिरव्या खड्यांचं पोळंच लागलेलं. मोसंबीवाल्याला हा रंग ओळखायला वेळ लागत नाही. झाडांच्या खोडाला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीवरचा लेप, लावायची म्हणून दरसाल आम्ही १ किलो मोरचूद, १ किलो चुना आणि १० लिटर पाणी असं कालवतो. ते मोरचूद आणि टर्मिनलवरचं हे, दोन्ही मुळात कॉपर सल्फेटच. बॅटरीत गंधकाचं आम्ल, केबलमध्ये तांबं. दोघांची गाठ पडली की मोरचूद तयार. मायनसवर होती ती पांढरी भुकटी म्हणजे शिशाचं सल्फेट.

आम्ल वर येतं कुठून? चार्जिंग होताना पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात, त्यांच्याबरोबर आम्लाचे बारीक तुषार बाहेर पडतात. बॅटरीचा शिशाचा खुंटा वर येतो, ज्यावर केबल बसते, त्याभोवतीचं सील सैल झालं की तिथूनही पाझर लागतो. त्यात आपल्याकडे बॅटरीत पाणी टाकणारा हात सढळ. काठोकाठ भरल्याशिवाय समाधान होत नाही. उन्हाळ्यात ते फुगून टोपणातून वर येतं.

पाना हातात घेण्याआधी मीटर लावला. बॅटरी नुसती असताना १२.५ व्होल्ट, म्हणजे चार्ज चांगला. मग एक सुई खुंट्याच्या शिशात रुतवली, दुसरी त्यावर केबल पकडून ठेवणाऱ्या क्लॅम्पला. पुतण्या आत बसला होता. "काका, मारू का सेल?" गिअर न्यूट्रल आहे का ते आधी बघायला लावलं, मग मार म्हटलं. मीटरवर साडेपाचच्या वर! हा आकडा तिथे अर्ध्या व्होल्टच्याही आत हवा. त्याच वेळी दोन्ही खुंट्यांमध्ये ११.६ होते. खरोखर गेलेली बॅटरी अशा वेळी ९.६ च्याही खाली आपटते. नवी बॅटरी घ्यायची नाही हे तिथंच ठरलं.

खोलताना मायनस आधी. कारण गाडीची सगळी बॉडी मायनसला जोडलेली असते. प्लस खोलताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असतोच. विडी-सिगारेट लांब, डोळ्यांवर चष्मा, हातात रबरी मोजे. दहाच्या पान्याने नट ढिले केले, पण प्लसचा क्लॅम्प हलेना. इथे हातोडी मारायची नाही. खुंटा शिशाचा, मऊ असतो. ठोकलं की सील तुटतं आणि पाझर कायमचा मागे लागतो. गरम पाणी ओतलं, क्लॅम्पच्या चिरेत स्क्रू ड्रायव्हर घालून फाकवलं, तेव्हा सुटला. सोबत एक खिळाही बाहेर पडला! गाडी आधी ज्यांच्याकडे होती त्यांच्यापैकी कुणीतरी सैल क्लॅम्प घट्ट बसावा म्हणून खुंट्याशेजारी ठोकून ठेवलेला. हा जुगाड मी ट्रॅक्टरवरही पाहिलाय. क्लॅम्प घट्ट वाटतो, पण शिशाला टेकतो दोन ठिकाणीच.

सफाईला किराणा दुकानातला खाण्याचा सोडा पुरतो. बॅटरीची सगळी टोपणं घट्ट केली, कारण सोडा आत गेला तर आतलं आम्लच मारतो. पाव लिटर कोमट पाण्यात दोन चमचे सोडा कालवून जुन्या ब्रशने लावला. फसफसलं, फेस येणं थांबेपर्यंत लावत राहिलो. मग साध्या पाण्याने धुऊन, पुसून, खुंटे पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासले. हे सगळं शिशाचं काम आहे, म्हणून गुरांच्या हौदापासून लांब केलं आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चहाचा कप धरला नाही.

खरं काम केबलचं निघालं. क्लॅम्पपाशी केबल कापली तर आतल्या तारा काळ्या. दोन बोटं मागे कापलं, तरी काळ्याच. आम्ल रबराच्या आतून तारांमधून वर चढत जातं, बाहेरून काही दिसत नाही. अशा तारेवर कितीही भारी टर्मिनल बसवा, अडथळा तसाच राहतो. तांबं स्वच्छ लागेपर्यंत कापलं, तेव्हा केबल खुंट्यापर्यंत पोहोचेना. मग स्टार्टरपर्यंतची प्लसची केबल पूर्णच बदलायची ठरवली. मायनसची आत चांगली होती, तिला फक्त नवं टर्मिनल.

अंबडला वायरिंगचं काम करणारे एक चाचा आहेत. मी आधी दुसऱ्या दुकानातून केबल घ्यायला गेलो होतो. चाकूने तार खरवडली तर आतून पांढरी. वरून तांब्याचा मुलामा, आत ॲल्युमिनियम. परत ठेवली. चाचांनी जुनी केबल हातात घेऊन जाडी बघितली. "हिच्याहून बारीक नको बेटा. बारीक टाकली तर नवी बॅटरी टाकून बी हेच रडगाणं." त्यांच्याकडे हायड्रॉलिक प्रेस आहे. केबलच्या टोकाला तांब्याच्या थिंबल (टोपीसारखी जोडणी) दाबून बसवल्या, वर हीट श्रिंकची नळी. टर्मिनल पितळी घेतले. प्लसचा खुंटा मायनसपेक्षा किंचित जाड असतो, म्हणून टर्मिनलही त्या-त्या मापाचे घ्यावे लागतात.

जोडताना उलटा क्रम : प्लस आधी, मायनस शेवटी. प्लसवर हीटर आणि टेपच्या बारीक वायरीही होत्या. खोलताना त्यांना चिकटपट्टी लावून खुणा केल्या होत्या, त्यामुळे आठवत बसावं लागलं नाही. नट आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा जाड थर. काही जण आधीच खुंट्याला भरपूर ग्रीस फासतात, मला ते पटत नाही; शिसं आणि पितळ आधी एकमेकांना भिडू द्यावं. मायनस केबलचं दुसरं टोक चेसिसला असतं, तिकडे कुणी बघत नाही. तिथला बोल्टही खोलला, गंज खरवडला आणि पुन्हा आवळला.

सेल मारला, गाडी एका दमात चालू. टेपचं घड्याळ तेवढं शून्यावर गेलं होतं. खुंटा आणि क्लॅम्पमधला आकडा सेल मारताना आता ०.१ वर आला. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२ मिळाले. तिथे पंधराच्या वर गेलं असतं तर बॅटरी जास्त चार्ज होऊन आम्ल वर येतंय असं समजून अल्टरनेटरचा (बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा) रेग्युलेटर बघावा लागला असता. आमचं तसं नव्हतं, म्हणजे आम्ल वर यायचं कारण उरलं ते काठोकाठ पाणी. प्लेटा बुडून वर बोटाची जाडी एवढं डिस्टिल्ड वॉटर पुरतं हे पुतण्याला दाखवलं आणि बॅटरीच्या पाण्याचं काम त्याच्याकडे दिलं.

एक गोष्ट धक्क्याला आलेल्या मंडळींपैकी बरेच जण सुचवत होते : ट्रॅक्टरची बॅटरी लावून चालू करा, मग चालू गाडीवर ती काढून घ्या. हे करू नका. चालत्या इंजिनावर बॅटरी काढली की व्होल्टेज एकदम उसळतं आणि अल्टरनेटरचे डायोड जातात. तो खर्च टर्मिनलच्या कितीतरी पट.