मेघनाथाला नवस का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. होळीच्या दिवसांत मेळघाटात आलेला पाहुणा मेघनाथाचा खांब पाहतो. उभ्या खांबाच्या टोकावर फिरतं आडवं लाकूड, नवस फेडणाऱ्याला दोरांनी त्याला बांधून वर फिरवतात. मग प्रश्न येतोच, "रावणाच्या पोराला नवस? तो तर राक्षस ना?"

उत्तर इथल्या कोरकू आदिवासींच्या उत्पत्तिकथेत आहे. सातपुड्याचं रान ओसाड दिसलं म्हणून रावणानं महादेवाकडे माणसं मागितली. महादेवानं कावळ्याला तांबड्या मातीचं वारूळ शोधायला धाडलं आणि त्या मातीचे बाई-पुरुष घडवले. इंद्राच्या घोड्यांनी ते तुडवून धूळ केले. मग महादेवानं कुत्रे घडवले, त्यांनी घोडे हाकलले, आणि पुन्हा घडवलेली जोडी जगली, मुला आणि मुलाई. म्हणजे इथं माणूस आला तो रावणाच्या मागण्यानं, आणि त्याला मोडायला आला इंद्र. त्याच इंद्राला बांधून लंकेत नेणारा तो रामायणातला मेघनाद, म्हणजेच इथला मेघनाथ. मला तरी या भक्तीत नवल वाटत नाही.

वाल्मीकीनंही त्याला कमी लेखलेलं नाही. ब्रह्मास्त्रानं त्यानं दिवसाच्या पाचव्या हिश्श्यात 67 कोटी वानर पाडले, राम-लक्ष्मणही पडले. हनुमानानं औषधींचा पर्वत पहिल्यांदा आणला तो तेव्हा. पुढे लक्ष्मणाला लागलेली शक्ती मात्र वाल्मीकीत रावणाची आहे, मेघनादाची नव्हे. इथं बरेच जण चुकतात. मेघनादाच्या बायकोची, सुलोचनेची, कथाही वाल्मीकीत नाही.

त्याचं खरं बळ होमात होतं. अमरपण मागितलं तेव्हा ब्रह्मदेवानं नाही म्हटलं. मग त्यानं मागून घेतलं ते असं: अग्नीत होम पुरा झाला की त्यातून घोड्यांसकट रथ निघावा, आणि त्या रथावर असेतो मरण नसावं. होम अर्धा टाकून लढायला उठला, तर मरण. त्याच्या होमाचं सामान वाल्मीकीनं नेमकं दिलंय: दर्भाच्या जागी शस्त्रं, बेहड्याच्या समिधा, तांबडी वस्त्रं, काळ्या लोखंडाची स्रुवा (होमात तूप सोडायची पळी) आणि जिवंत काळा बोकड. ज्वाळ बिनधुराची उठून उजवीकडे वळली की जय ठरलेला. बेहडा आपल्या जंगलात पायलीनं पडतो, त्रिफळ्यात जातो, पण इथली माणसं त्याचं नाव ऐकून या ओळीपाशी थबकतात.

निकुंभिलेला, म्हणजे लंकेतल्या त्याच्या होमाच्या जागी, जाण्याआधी त्यानं रथावर मायेची सीता मारून दाखवली. वानरांनी शोकात लढाई सोडावी आणि होमाला वेळ मिळावा, हा डाव. राम कोसळला, सैन्य हबकलं. बिभीषणानं मात्र डाव ओळखला, लक्ष्मणाला घेऊन तो काळ्याभोर वडापाशी पोचला आणि राखणीच्या फौजेवर हल्ला चढवायला लावला.

आपल्या माणसांचा आकांत कानी पडला आणि मेघनाद कर्म पुरं न करता उठला. थांबला असता तर रथ मिळाला असता, पण तोवर फौज कापली गेली असती. मग सारथी पडला तेव्हा स्वतःच घोडे हाकत आणि धनुष्य चालवत तो लढला. घोडे मेले तर लंकेतून दुसरा रथ घेऊन परत आला. तीन दिवस, तीन रात्री. लक्ष्मणानं ऐंद्रास्त्र सोडलं तेव्हा कुठे तो पडला. ज्याला त्यानं बांधून आणलं, त्याच इंद्राच्या नावाचं अस्त्र.