मुलाखतीनंतर आभाराच्या चार ओळी

भोसरीतल्या एका मध्यम आकाराच्या कारखान्यात डिझाइन विभागासाठी माणसे निवडण्याच्या मुलाखतींना मी बरीच वर्षे बसतो आहे. मुलाखत आटोपल्यावर उमेदवाराने आभाराची ईमेल पाठवायची, ही अमेरिकेत रुळलेली पद्धत आपल्याकडे मुख्यतः आयटी कंपन्यांच्या आणि लिंक्डइनच्या वाटेने आली. आता इंजिनिअरिंग कॉलेजांतही ती शिकवली जाते आणि त्यामुळे आमच्याकडे येणारी बहुतेक पत्रे एकाच साच्यातून काढल्यासारखी असतात: अमूल्य वेळ दिल्याबद्दल मनःपूर्वक आभार, आपल्या नामांकित संस्थेत योगदान देण्यास मी उत्सुक आहे, वगैरे. चॅटजीपीटी आल्यापासून त्यांतील इंग्रजी सुधारले आहे, एवढाच काय तो फरक. या पत्रांत वावगे काही नसते. पण दिवसभरात पाच-सहा जणांशी बोललेल्या माणसाला ती वाचून पत्र लिहिणारा नेमका कोण होता, हेच आठवत नाही.

याउलट, मागच्या पावसाळ्यात आलेले एक पत्र माझ्या चांगले लक्षात आहे. शीट मेटल डिझाइनच्या जागेसाठी आलेल्या एका मुलीला मी ड्रॉइंग दाखवून विचारले होते, की ३ मिमी जाडीची पट्टी ३.२ मिमीच्या खाचेत बसेल ना? ती बसेल म्हणाली, मी पुढच्या प्रश्नाकडे वळलो. त्याच संध्याकाळी एचआरमार्फत तिची ईमेल आली. आभाराचे एक वाक्य झाल्यावर तिने पावडर कोटिंग (भट्टीत पक्का केलेला रंगाचा थर) आणि मास्किंग (रंग बसू नये म्हणून तेवढा भाग झाकणे) यांबद्दल लिहिले होते: ‘खाचेचे उत्तर देताना मी पावडर कोटिंग धरले नव्हते. थर दर बाजूला ७० मायक्रॉनचा (०.०७ मिमी) मानला, तर खाच ३.०६ मिमी उरते आणि पट्टी ३.१४ मिमी होते, म्हणजे ती बसणार नाही. पट्टीच्या टोकाला मास्किंग करावे लागेल किंवा खाच रुंद करावी लागेल. मी खाच रुंद करीन, कारण मास्किंगला दर नगामागे हात लागतो.’ खाली नाव आणि फोन नंबर. संपले पत्र.

या पत्राने तिची निवड झाली, असे मी म्हणणार नाही. मुलाखतीचा अभिप्राय आम्हाला त्याच दिवशी सिस्टिममध्ये भरावा लागतो, आणि तो मी ईमेल येण्याआधीच भरून मोकळा झालो होतो. पण पुढच्या फेरीला बसणाऱ्या प्लांट हेडना मी ती ईमेल आवर्जून दाखवली आणि त्यांनी तिच्याशी बोलण्याची सुरुवात मास्किंगच्या खर्चापासूनच केली. आभारपत्राची पोच एवढीच असते, असे माझे मत आहे: जमलेली मुलाखत ते थोडी पुढे नेते, पण फसलेल्या मुलाखतीला तारत नाही. आणि हे व्हायचे तर पत्र त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी पोहोचायला हवे. आठवड्याने आलेले पत्र हे आभार नसून ‘माझे काय झाले’ अशी विचारणा आहे हे सगळ्यांनाच कळते. अशी विचारणा करण्यात गैर काही नाही, फक्त ती सरळ करावी.

पत्र कोणाला पाठवायचे, हा आपल्याकडचा खरा पेच आहे. मुलाखत घेणाऱ्याचा पत्ता बहुधा उमेदवाराला दिलेला नसतो. अशा वेळी तो शोधून काढण्याची हुशारी दाखवू नये; ज्या एचआरच्या व्यक्तीने वेळ कळवली तिलाच लिहून ‘पॅनेलपर्यंत पोहोचवावे’ अशी विनंती करावी. कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर कन्सल्टंटला आणि कॅम्पस मुलाखत असेल तर प्लेसमेंट अधिकाऱ्यांना मध्ये घ्यावे. रात्री साडेदहाला व्हॉट्सअॅपवर हात जोडल्याचे चिन्ह पाठवू नये. आणि पॅनेलमध्ये बाई असतील तर ‘डिअर सर’ लिहू नये. माझ्या एक सहकारी अशा पत्रांना उत्तर देताना खाली आपले पूर्ण नाव ठळक अक्षरांत लिहितात, आणि ते योग्यच आहे. मराठी माध्यमाच्या शाळेत किंवा एखाद्या शिक्षणसंस्थेत मुलाखत झाली असेल, तर ‘सप्रेम नमस्कार’ घालून सरळ मराठीत लिहावे.

सरकारी मुलाखतीनंतर मात्र काहीही लिहू नये. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेत २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीचे असतात आणि आपल्या उमेदवारीसाठी गैरमार्गाने पाठिंबा मिळवणे हा परीक्षेच्या नियमांत गैरप्रकार मानलेला आहे. बँका आणि सार्वजनिक उपक्रमांच्या जाहिरातींतही, कोणत्याही प्रकारे वशिला लावल्यास उमेदवारी रद्द होईल, अशी ओळ असते. आभाराचे निरागस पत्रदेखील तिथे उगाच संशयाला जागा देते. उठताना मंडळाला केलेला नमस्कार पुरे.

खासगी कंपन्यांत मला ज्या पत्राची खरोखर वाट पाहावी लागते आणि जे क्वचितच येते, ते नकाराचे. नोटीस पिरियड ९० दिवसांचा असला की ऑफर स्वीकारलेला उमेदवार त्या काळात आणखी दोन ठिकाणी जाऊन येतो, त्यात काही चूक नाही. पण रुजू होण्याच्या दिवशी सकाळी त्याचा फोन बंद लागतो आणि तोवर आम्ही यादीतल्या दुसऱ्या माणसाला नाही म्हणून बसलेलो असतो. ‘वेळ दिल्याबद्दल आभारी आहे, मी दुसरीकडची नोकरी स्वीकारली आहे, कृपया ही जागा अन्य उमेदवारासाठी मोकळी समजावी’ एवढे लिहायला दोन मिनिटे लागतात. असे पत्र वेळेत पाठवणाऱ्या एका मुलाला पुढे आमच्याकडे जागा निघाल्यावर मी स्वतः फोन केला होता. तो तेव्हाही आला नाही, पण त्याने त्याच्या ओळखीतल्या दुसऱ्या डिझाइनरचे नाव सुचवले, आणि ते गृहस्थ सध्या आमच्याकडे टूलिंग पाहतात.