रहिवासी म्हणून नोंद

गेली काही वर्षे मी चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जपानी भाषेची दुभाषी म्हणून काम करते. माझे नेमून दिलेले काम बैठका आणि यंत्रांच्या माहितीपुस्तिका यांच्यापुरते आहे. परंतु जपानहून नवा अभियंता आला, की पहिले दोन महिने त्याचे बिऱ्हाड लावून देण्यातच माझा निम्मा वेळ जातो. परदेशी कुशल माणसे शहरात यावीत म्हणून सरकारने काय करावे, यावर सध्या पुष्कळ लिहिले जाते आणि त्यातले बहुतेक लेखन व्हिसा, पगार व करसवलत यांच्यापाशी थांबते. मी स्वतः एके काळी परदेशी कर्मचारी होते आणि आता परदेशी कर्मचाऱ्यांसोबत कचेऱ्यांमध्ये जाते. त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे, की आलेल्या माणसाची नोंद शहर कोणत्या वहीत करते, यावर तो किती काळ राहणार हे बरेचसे ठरते.

२०१४ साली मी नोकरीसाठी नागोयाला गेले. चुबू विमानतळावर पासपोर्ट तपासणाऱ्या खिडकीतच माझा फोटो असलेले निवासपत्र हातात मिळाले. राहण्याचा पत्ता ठरल्यापासून १४ दिवसांच्या आत ते घेऊन वॉर्ड ऑफिसात जावे लागते. तिथल्या बाईंनी पत्राच्या मागच्या बाजूला माझा पत्ता उमटवला आणि एक जाडसर पाकीट दिले. त्यात कोणत्या वारी कोणता कचरा बाहेर ठेवायचा याचे वेळापत्रक, भूकंप झाल्यास ज्या शाळेत जमायचे तिचा नकाशा आणि जवळच्या दवाखान्यांची यादी होती. जपानने जुलै २०१२ मध्ये परदेशी लोकांची वेगळी नोंदणी बंद करून त्यांना जपानी नागरिकांच्याच रहिवासी नोंदवहीत घेतले होते, हे मला पुढे कळले. माझ्या मैत्रिणीचा मुलगा शाळेच्या वयाचा झाला, तेव्हा प्रवेशाविषयीचे महापालिकेचे पत्र आपण होऊन तिच्या घरी आले.

त्याच २०१२ च्या मे महिन्यात तिथे उच्च कौशल्याच्या लोकांसाठी गुणपद्धत सुरू झाली. शिक्षण, अनुभव, पगार आणि वय यांना गुण मिळतात, जपानीच्या एन-वन या सर्वांत वरच्या पातळीच्या परीक्षेचे १५ गुण असतात आणि ७० गुण झाले की माणूस पात्र ठरतो. एरवी कायम वास्तव्यासाठी सर्वसाधारणपणे दहा वर्षे थांबावे लागते; २०१७ पासून ७० गुणवाल्यांना तीन वर्षांत आणि ८० गुणवाल्यांना एका वर्षात अर्ज करता येतो. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत मात्र चर्चा व्हायची ती याच योजनेतल्या एका लहानशा तरतुदीची. उत्पन्नाची अट पूर्ण होत असेल, तर सात वर्षांखालील मूल सांभाळण्यासाठी आईवडिलांना बोलावून घेता येते. कोथरूडचे एक जोडपे बाळंतपणानंतर नोकरी सोडून परतायच्या विचारात होते. आजी तिकडे जाऊन राहिली आणि ते तिथेच थांबले. पगारवाढीने जे साधले नसते, ते आजीच्या व्हिसाने साधले.

याच देशाने आधी वेगळा धडाही गिरवलेला आहे. १९९० मध्ये बदललेल्या कायद्यामुळे ब्राझीलमधले जपानी वंशाचे लोक कारखान्यांत काम करण्यासाठी मोठ्या संख्येने आले. त्यांना येऊ देण्याचा निर्णय केंद्राचा होता, पण त्यांच्या मुलांची शाळा, विमा आणि नोंदणी यांचे प्रश्न येऊन पडले ते सुझुकी आणि यामाहाच्या हामामात्सुसारख्या शहरांवर. अशा शहरांनी २००१ मध्ये एकत्र येऊन हामामात्सु जाहीरनाम्याद्वारे केंद्राकडे या तिन्ही बाबतींत सुधारणा मागितल्या. २००९ च्या मंदीत मात्र सरकारने याच लोकांना मायदेशी परतण्यासाठी कामगारामागे तीन लाख येन देऊ केले. ज्यांची मुले जपानी शाळांत वाढली होती त्यांना असे पैसे देऊन निरोप देणे मला आजही अन्यायाचे वाटते.

आपल्याकडे रोजगार व्हिसासाठी वार्षिक १६.२५ लाख रुपये पगाराची अट असून दुभाषे, इंग्रजीखेरीज इतर भाषांचे शिक्षक आणि आपापल्या देशाचे पदार्थ करणारे आचारी यांना तीतून सूट आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्यांनी १४ दिवसांत नोंदणी करायची आणि घरमालकाने २४ तासांत भाडेकरूची माहिती कळवायची, हे नियम रास्त आहेत. २०१८ पासून अर्जही ऑनलाइन झाला आहे. अडचण त्यानंतर सुरू होते. मागच्या वर्षी बाणेरमधल्या एका सोसायटीने रीतसर भाडेकरार झालेला असतानाही कोणत्याच नियमात नसलेला पोलिसांचा दाखला मागितला आणि दोन वर्षांच्या मुलीला घेऊन एक जपानी कुटुंब अकरा दिवस हॉटेलात राहिले. अभियंता रोज पहाटे चाकणला निघून जाई. त्याची पत्नी मला फोन करून विचारी, की आपल्या हातून काही चूक झाली आहे का. सुरक्षेसाठीची नोंद पूर्ण झाली होती, पण रहिवासी म्हणून त्यांना कोणीही विचारले नव्हते.

यासाठी नवा कायदा लागेल असे मला वाटत नाही. औंध-बाणेर क्षेत्रीय कार्यालयात आठवड्यातून दोन दिवस एक टेबल मांडावे, तिथे जपानी, जर्मन किंवा कोरियन जाणणारी व्यक्ती मानधनावर बसवावी आणि भाडेकरार, शाळा, लसीकरण, गॅस यांची खरी नियमावली त्या भाषांत छापून ठेवावी. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आणि शहरभरच्या वर्गांत परदेशी भाषा शिकणारी इतकी मुले असलेल्या पुण्याला माणसे मिळण्याची अडचण येऊ नये. सोसायट्यांनी काय मागावे आणि काय मागू नये, हेही त्याच टेबलावरून लेखी कळवता येईल.

तोवर मी नागोयाच्या त्या पाकिटाची आठवण ठेवून एक कागद जपानीत तयार केला आहे. ओला कचरा, सुका कचरा, कचरा न्यायला येणाऱ्या ताईंची वेळ, पाण्याचा टँकर कधी मागवायचा, रात्री उघडा असणारा बालरुग्णालयाचा विभाग, एवढेच त्यात आहे. बाणेरच्या त्या बाईंनी तो फ्रिजवर लावला होता. गेल्या आठवड्यात वाकडला नव्याने आलेल्या एका कुटुंबासाठी त्यांनी त्याची प्रत मागून घेतली आणि कचऱ्याच्या वेळा वाकडप्रमाणे स्वतःच्या हाताने बदलून दिल्या.