पावसाळ्यातलं बाळंतपण आणि दवाखान्याची पिशवी

सोनोग्राफीत जुलैचा शेवटचा आठवडा निघाला आणि घरात सगळे जरा गप्पच झाले. चिपळूणच्या आसपास राहणाऱ्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं होतं, तळमजले बुडाले होते, दवाखान्यांतही पाणी गेलं होतं. माझं माहेर गुहागर तालुक्यात, शृंगारतळीच्या पुढे. नाव घातलेला दवाखाना चिपळूणला. एरवी तासाभराचा रस्ता, पण पावसाने झोडपायला सुरुवात केली की कुठे झाड आडवं पडतं, कुठे दरड येते, कुठे मोरीवरून पाणी जातं. पहिलं बाळंतपण माहेरी हे ठरलेलंच होतं. नवरा नोकरीसाठी डोंबिवलीत, तो नंतर येणार होता.

दवाखान्याची पिशवी साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत भरून ठेवा असं सांगतात. आमच्या गावच्या आशाताईंनी (आरोग्य खात्याच्या आशा स्वयंसेविका) मला चौतिसाव्यालाच भरायला लावली. त्यांचं दुसरं सांगणं त्याहून महत्त्वाचं होतं: तारीख जवळ आली की गावात थांबू नकोस, चिपळुणात कुणाकडे तरी जाऊन राहा. माझी मावशी तिथे उंचावरच्या वस्तीत राहते. पिशवी भरली आणि मी तिच्याकडे गेले. पावसाळ्यात तारीख असलेल्या आणि दवाखान्यापासून लांब राहणाऱ्या प्रत्येकीला मी आधी हेच सांगेन. पिशवीत काय भरायचं हा त्यानंतरचा प्रश्न.

तपासणीच्या वेळी दवाखान्यातल्या सिस्टर एक वाक्य बोलल्या, त्यावर माझी सगळी तयारी उभी राहिली. त्या म्हणाल्या, "पिशवी तू भरशील गं, पण उघडणार तुझी आई." खरंच आहे. कळा सुरू झाल्या की आपण आत आणि पिशवी बाहेर. रात्री दोनला दाराशी कुणीतरी काहीतरी मागतं आणि आई बाकावर पिशवी उपसत बसते. म्हणून मी भरायला बसले तेव्हा आईला आणि मावशीला समोर बसवलं. प्रत्येक वस्तू त्यांच्या हातून आत गेली. आईला चष्म्याशिवाय बारीक दिसत नाही, म्हणून चिठ्ठ्याही ठसठशीत लिहिल्या: 'आत द्यायचं', 'बाळाचं', 'नंतर लागेल', 'आईचं स्वतःचं'.

'आत द्यायचं' ही लहान कापडी पिशवी. तिच्यात पाय न घसरणारी रबरी चप्पल, केसांचे रबर, नळीची पाण्याची बाटली (कळांमध्ये मान उचलून पाणी पिता येत नाही), मोठ्या आकाराचे पॅड आणि एक गडद रंगाचा परकर. बाकी गाऊन वगैरे दवाखान्याचंच असतं. मंगळसूत्र, बांगड्या, पैंजण आधीच उतरवून घरी ठेवले होते. ऑपरेशन करायची वेळ आली तर अंगावर धातूचं काही चालत नाही, आणि घाईघाईत उतरवलेला दागिना कुणाकडे दिला ते नंतर कुणाला आठवत नाही. आजीला मोकळा गळा बघवेना. तिने काळे मणी दोऱ्यात ओवून माझ्या गळ्यात बांधले आणि प्रश्न मिटला. नेलपॉलिशही पुसून टाकायचं. बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावतात, आणि नखांचा रंगही डॉक्टर बघतात.

बाळाच्या पिशवीवर घरात बराच वेळ गेला. बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी नवं काही आणायचं नाही, ही आजीची रीत. मी वाद घातला नाही, कारण नवजात बाळाला नव्या कापडाची गरजच नसते. आजीने तिची वापरून मऊसूत झालेली लुगडी काढली. आईने त्यांची दुपटी आणि लंगोट शिवले. झबली आणि टोपडी मामेबहिणीच्या मुलाची आली. सगळं उकळत्या पाण्यातून काढलं, वाळवलं आणि गरम इस्त्री फिरवली. जुलैत आमच्याकडे ऊन पडतंच असं नाही. दोरीवरचं कापड दोन दोन दिवस ओलं राहतं आणि वाळलं तरी कुबट वास सोडत नाही. त्यामुळे कोरड्या दिवसांत पुरतील त्याच्या दुप्पट कपडे घेतले आणि रात्रीसाठी नवजात मापाच्या डायपरचं एक छोटं पाकीट ठेवलं.

बाळाचे कपडे मी प्रकारानुसार ठेवले नाहीत. एकेका प्लास्टिकच्या पिशवीत एकेक पूर्ण संच: झबलं, लंगोट, टोपडं, मोजे, दुपटं. पाऊस लागला तरी आत कोरडं, आणि शोधाशोध नाही. पहिल्या संचात मऊ सुती कापडाचे दोन मोठे तुकडे जास्तीचे घातले. जन्मल्याबरोबर बाळाला एका कापडाने कोरडं करतात, ते ओलं कापड बाजूला करतात आणि दुसऱ्या कोरड्या कापडात गुंडाळतात. बाळाच्या अंगाची ऊब फार भराभर जाते, विशेषतः डोक्यातून. आईने मला नंतर सांगितलं, सिस्टरनी दार अर्धवट उघडलं, "दोन कापडं आणि टोपी," एवढंच म्हणाल्या. आईने सगळ्यात वरची पिशवी उचलून दिली आणि दार बंद झालं.

पिशवीत काय ठेवायचं नाही यावरही बोलणं झालं. आजीने बाळाला पाजायचं चांदीचं बोंडलं घासून पुसून ठेवलं होतं, सोबत मधाची बाटली आणि घुटीचं सामान. मी तिला सिस्टरकडेच घेऊन गेले. त्यांनी तिला खुर्चीवर बसवून नीट समजावलं. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी लावायचं, पहिला पिवळसर चीक टाकायचा नाही, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही. वर्षाच्या आत मध तर अजिबात नको, त्यातून लहान बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. आजी म्हणाली, "बाय, आमच्या वेळेला चीक पिळून टाकायचे गो, आम्हाला कोण सांगणारं होतं?" तिने बोंडलं परत कपाटात ठेवलं. त्याच्या जागी मी स्टीलची छोटी वाटी आणि गुळगुळीत कडांचा चमचा उकळून घेतला. पहिल्या दिवशी बाळाला नीट ओढता येत नव्हतं, तेव्हा चीक वाटीत काढून चमच्याने पाजला. चमचाभरच निघाला. एवढ्याने काय होणार म्हणून मला रडू आलं, तर सिस्टर म्हणाल्या की पहिल्या दिवशी बाळाचं पोटच एवढुसं असतं, एका वेळेला चमचाभर पुरतो. दुधाचा डबा पिशवीत असता तर त्या घटकेला कुणीतरी तो नक्की उघडला असता.

एक गोष्ट पिशवीत ठेवता येत नाही, पण तिची तजवीज पिशवीबरोबरच करायची असते. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह. नवऱ्याचा पॉझिटिव्ह. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर आईला बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर पुढच्या गरोदरपणात बाळाला धोका असतो. हे इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं, त्यामुळे घरी आणून पिशवीत टाकायची सोय नाही. शिवाय ते प्रत्येक मेडिकलमध्ये असतंच असं नाही, आणि पुराने रस्ते बंद झाले तर ७२ तास सहज निघून जातात. मी दवाखान्यातल्या मेडिकलवाल्यांना आधीच विचारलं, त्यांनी मागवून फ्रीजमध्ये ठेवलं. निगेटिव्ह गटाचं रक्त मिळायलाही वेळ लागतो, म्हणून ओ निगेटिव्ह असलेल्या दोन ओळखीच्या माणसांना सांगून ठेवलं आणि त्यांचे फोन नंबर कागदावर लिहून फाइलच्या पहिल्या पानाला चिकटवले. मुलगा बी पॉझिटिव्ह निघाला, इंजेक्शन वेळेत मिळालं. ज्यांचा गट निगेटिव्ह आहे त्यांनी कपड्यांच्या आधी या गोष्टीचा विचार करावा, अगदी कळकळीने सांगते.

फाइल प्लास्टिकची, बटणाची. तिच्यात माता-बाल कार्ड, सगळ्या सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट, धनुर्वाताच्या इंजेक्शनची नोंद, दोघांची आधार कार्डं, विम्याचं कार्ड, माझ्या बँक पासबुकाची झेरॉक्स. पहिल्या बाळासाठी प्रधानमंत्री मातृवंदना योजनेचे ५,००० रुपये मिळतात, ते आईच्या खात्यात येतात. अर्ज आशाताईंनीच भरून घेतला होता. माझ्या वहिनीचं बाळंतपण सरकारी रुग्णालयात झालं. तिथे जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरी सोडायला गाडी, सगळं मोफत असतं. तिच्या पिशवीत कपडे आणि कागद सोडून फारसं काही नव्हतं. १०२ आणि १०८ हे दोन्ही नंबर मात्र तिच्याही फाइलवर होते, माझ्याही.

'आईचं स्वतःचं' या पिशवीवर मी हट्ट धरला. रात्र रात्र बाकावर बसणाऱ्या बाईला काय लागेल याचा विचार कुणी करत नाही. आईची बीपीची गोळी, सतरंजी, चादर, स्वेटर, एक साडी, दात घासायचा ब्रश, बॅटरी, छत्री, सुकी भाकरी-चटणी आणि थर्मास. आणि रोख पैसे, सुट्ट्या नोटांसकट. पाऊस जास्त झाला की आमच्याकडे वीज जाते, पाठोपाठ मोबाइलची रेंज जाते. तेव्हा फोनवरून पैसे देणं विसरायचं. त्या रात्रीही रेंज नव्हती. सलाइन, हातमोजे, इंजेक्शनं अशी चिठ्ठी बाहेर आली, तेव्हा मावशीच्या यजमानांनी त्याच पाकिटातले पैसे दिले.

कळा रात्रीच सुरू झाल्या, गर्भपिशवीतलं पाणी मात्र गाडीत बसायच्या आधी मावशीच्या ओट्यावर गेलं. गाडीच्या सीटवर प्लास्टिक, त्यावर जुनी गोधडी अशी तयारी होती. पाण्याचा रंग कसा होता आणि किती वाजले होते ते मावशीने लक्षात ठेवलं, दवाखान्यात पहिला प्रश्न तोच आला. हिरवट किंवा रक्ताळ पाणी असेल तर तसं लगेच सांगायचं असतं. माझं स्वच्छ होतं. पहाटेपर्यंत वाट बघितली, पण बाळाचे ठोके कमी व्हायला लागले आणि सिझेरियन करायचं ठरलं. नवरा सकाळच्या गाडीने निघाला. कोकण रेल्वे पावसाळी वेळापत्रकाने हळू चालते, तो पोचला तेव्हा मुलगा दुपट्यात गुंडाळून आईच्या मांडीवर होता.

'नंतर लागेल' ही पिशवी दोन्ही शक्यता धरून भरली होती ते बरं झालं. नॉर्मल झालं की दोन-तीन दिवसांत घरी सोडतात, सिझेरियनला जास्त राहावं लागतं. परकराची नाडी नेमकी टाक्यांवर येते, म्हणून पोटावर काही न आवळणारे सैल, समोरून बटणं असलेले सुती गाऊन हवेत. आतले कपडेही उंच कमरेचे आणि एक माप मोठे. पॅड आपल्याला वाटतात त्यापेक्षा जास्त लागतात, सिझेरियन असलं तरी. खोकताना, हसताना टाक्यांवर धरायला एक छोटी उशी मावशीने टाकली होती, ती मी हातातून सोडली नाही. कान बांधायचा रुमाल आणि लोकरीचे मोजे आजीने टाकले होते. ऑपरेशननंतर थंडी वाजून हुडहुडी भरली, तेव्हा मोजे कामी आले. खायला द्यायची परवानगी मिळाल्यावर आईने थर्मासमधून मऊ भाताची पेज आणली, मीठ आणि साजूक तूप घातलेली.

घरी सोडायच्या आधी जन्मनोंदणीचा फॉर्म भरायचा असतो. नोंदणी २१ दिवसांत व्हायला हवी, आणि दवाखान्यात जन्म झाला तर माहिती तिथूनच पुढे जाते. मी फाइलमध्ये एक चिठ्ठी ठेवली होती: माझं आणि नवऱ्याचं पूर्ण नाव, आधार कार्डावर आहे त्याच अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत, खाली कायमचा पत्ता. गुंगीत किंवा घाईत कुणी तोंडी नाव सांगितलं की एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं आणि मग दुरुस्तीसाठी खेपा घालाव्या लागतात. नवऱ्याने चिठ्ठी बघून फॉर्म भरला. बाळाचं नाव तेव्हा ठरलेलं नव्हतं, आमच्यात ते बारशाला आत्या ठेवते. दाखल्यात नाव न घालता नोंदणी करता येते आणि पुढे वर्षभरात फी न भरता नाव घालून घेता येतं, हे तिथल्या क्लार्कनीच सांगितलं. बीसीजी, पोलिओ आणि हिपॅटायटिस बी या जन्माच्या वेळच्या लसींची नोंद कार्डावर करून घेतली. पुढची तारीख सहा आठवड्यांनंतरची पडली.