आमची वाटचाल : आम्ही ‘एक नंबर’ आलो होतो!

लंडनच्या पश्चिमेला आमचं डब्यांचं छोटंसं काम आहे. २०१७ ला घरच्या किचनमधून सुरू केलं, पोळी भाजी वरण भात, गिऱ्हाईक म्हणजे नवीन आलेली आयटीवाली पोरं आणि दोनचार फॅमिली. इथे सुरू करायच्या २८ दिवस आधी कौन्सिलकडे नाव नोंदवायचं असतं, फुकट असतं, ते केलं आणि विसरून गेलो. मग ऑर्डरी वाढल्या, एक युनिट भाड्याने घेतलं, आणि एका मंगळवारी न सांगता इन्स्पेक्टर बाई दारात उभ्या.

मला वाटलं ओटा चकाचक आहे, काय होतंय! बाईंनी थर्मामीटर काढला तो थेट भातात. सकाळी सातला केलेला भात, मोठं पातेलं, दहा वाजता मध्ये अजून कोमटच. शिजवलं तरी मरत नाहीत असे जंतू भातात असतात, कोमट राहिला की वाढतात, म्हणून दीड तासाच्या आत गार करून फ्रीजमध्ये गेला पाहिजे. आपण जन्मभर रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी देऊन खाल्लाय, हे त्यांना कुठे सांगत बसू.

पुढचं विचारलं ॲलर्जीचं. इथे १४ गोष्टी गिऱ्हाइकाला सांगाव्याच लागतात आणि आपलं म्हणाल तर मोहरी फोडणीत, शेंगदाण्याचं कूट भाजीत, तीळ चटणीत, सगळंच त्या यादीत! आमटीत गहू नाही असं मी छातीठोक सांगितलं, बाईंनी हिंगाची डबी फिरवून मागचं वाचलं, गव्हाचं पीठ. मी गारच. गहू न चालणाऱ्या एकीला आम्ही तीच आमटी कित्येक महिने देत होतो, नशीब तिला काही झालं नाही, अजून आठवलं की पोटात गोळा येतो.

शेवटी डायरी मागितली. फ्रीजचं टेंपरेचर, साफसफाई, गरम करणं, या सगळ्याची नोंद ठेवायची असते, आमची कोरी.

इथे मार्क जितके जास्त तितकं वाईट. हाताळणीला १०, जागेला ५, आणि मालकावर किती भरवसा ठेवावा याला २०. त्यावरून मिळणारं रेटिंग मात्र उलटं, ० सगळ्यात वाईट, ५ सगळ्यात चांगलं. बेरीज ३५, तशी २ रेटिंगची, पण एका जरी खात्यात २० पडले की थेट १. इंग्लंडमध्ये स्टिकर दारावर लावायची सक्ती नाही, वेल्समध्ये २०१३ पासून आहे, पण रेटिंग सरकारी वेबसाइटवर दिसतंच ना, दोन ऑफिसांनी डबे बंद केले. नवरा बाईंवर चिडला होता, मी नाही. जास्त धोका वाटला असता तर त्या जागच्या जागी किचन बंद करू शकल्या असत्या आणि ३ दिवसांत कोर्टात गेल्या असत्या.

सासूबाईंना फोनवर सांगितलं एक नंबर आला, तर म्हणाल्या अगं मग पेढे वाट की!

मग भात पसरट ट्रेमध्ये निववायला लागलो, तांदळाच्या पिठाचा हिंग शोधला, डायरी नवऱ्याच्या गळ्यात घातली. २०२१ च्या ऑक्टोबरपासून पॅक करून ठेवलेल्या लाडवांवरसुद्धा सगळे जिन्नस छापायचा नियम आला, तोवर आम्ही त्यात तरबेज झालो होतो. फी भरून पुन्हा तपासणी मागितली, परत न सांगता आल्या, ५ मिळाले.

सासूबाईंना लगेच कळवलं. म्हणाल्या, “पाचवा? अगं, मागच्या वेळी तर पहिला आला होता ना?”