मढच्या किनाऱ्यावर साविन: सामूहिक विधी बांधण्याचा माझा अनुभव

आमच्या गटातला साविनचा विधी या वेळी माझ्याकडे होता. साविन हा मूळचा आयर्लंडकडचा सण. 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी सुरू होतो, पीक घरात आलेलं असतं, आणि त्या दिवशी गेलेल्या माणसांची आठवण करायची असते. युरोपातल्या जुन्या निसर्गपूजेवरून प्रेरणा घेऊन गेल्या शतकात जी निओपेगन वाट उभी राहिली, तिच्या वर्षातला मला हा सगळ्यात जड दिवस वाटतो. मुंबईत या वाटेने जाणारी माणसं मोजकी. आमच्यात मालाडची एक नर्स आहे, वसईच्या ख्रिस्ती घरातली एक शिक्षिका आहे, बेस्टमधून निवृत्त झालेले एक काका आहेत, आयटीतली दोन-तीन मुलं आहेत. प्रत्येकाच्या घरी आपापले कुळाचार चालू आहेत, आणि त्यांच्या जोडीला आम्ही हे करतो.

सांगाडा हाताशी होताच. इंग्लंडमध्ये 1735 चा जादूटोण्याविरुद्धचा कायदा 1951 साली रद्द झाला, आणि 1954 मध्ये जेराल्ड गार्डनर यांनी आपल्या जादू मानणाऱ्या पंथाबद्दल, ज्याला आज विक्का म्हणतात, उघडपणे लिहिलं. त्यातून पुढे जे गट निघाले त्यातल्या पुष्कळांनी साधारण एकच क्रम धरला: जागा शुद्ध करायची, वर्तुळ आखायचं, चार दिशांना हाक द्यायची, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवायचं, मुख्य काम करायचं, मग काहीतरी खाऊन-पिऊन जमिनीवर यायचं आणि आभार मानून वर्तुळ उघडायचं. हा क्रम मला पटतो, मी त्याला हात लावला नाही. पण नुसता क्रम पाळून विधी उभा राहत नाही. सगळं यथासांग चाललेलं असतं आणि माणसं पायावर भार बदलत उभी असतात, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. म्हणून प्रत्येक टप्प्याला मी एकच प्रश्न लावला: आलेल्या माणसाने इथे हाताने किंवा तोंडाने काय करायचं? 'उभं राहून ऐकायचं' असं उत्तर आलं, की तो भाग छाटला.

त्याआधी हेतू ठरवावा लागला, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. कुणाला वर्ष संपल्याचा विधी हवा होता, कुणाला जुनं दुःख सोडून द्यायचं होतं, कुणाला पुढच्या वर्षाचं भविष्य पाहायचं होतं. एका संध्याकाळी हे सगळं कोंबलं असतं तर कशालाच जागा उरली नसती. नर्सताईंच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही एक वाक्य लिहिलं: 'ज्यांच्या हातांनी आपण वाढलो, त्यांची नावं मोठ्याने घ्यायची.' त्या वाक्याला न लागणारं सगळं बाजूला गेलं. भविष्य गेलं, मुखवटे गेले, मी मनापासून लिहिलेलं एक लांबलचक आवाहनही गेलं.

मग तारीख आणि जागा. निओपेगन वाटेचं आठ सणांचं वर्षचक्र ब्रिटनच्या उजेड-अंधारावर बेतलेलं आहे. लंडनला डिसेंबरातला सगळ्यात लहान दिवस आठ तासांहूनही कमी असतो. मुंबईत तोच दिवस अकरा तासांच्या आसपास भरतो. 'आता काळोख दाटत चालला' असं इथे ऑक्टोबरच्या उन्हात म्हणणं अंगाला लागत नाही. पण पीक घरात येणं मात्र इथेही खरं आहे. त्या दिवसांत पालघरकडे भाताची कापणी चालू असते, आणि शिक्षिकाताईंनी तिकडून भाताच्या लोंब्या आणायचं कबूल केलं. तारखेसाठी आम्ही 31 ऑक्टोबरच्या सर्वांत जवळची पौर्णिमा धरली. ती निघाली त्रिपुरी पौर्णिमा. देवळांतून दिवे लागण्याचीच रात्र, शिवाय गुरुनानक जयंतीची सुट्टी, त्यामुळे रजेचा प्रश्नच मिटला.

किनाऱ्यावर विधी करायचा तर आधी समुद्राला विचारावं लागतं. मढला आम्ही पाहणीला गेलो तेव्हा सुकी मासळी उलटत बसलेल्या एका कोळीण मावशींना मी भरतीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "अगं, तिथीची पाऊणपट कर. जो आकडा येईल तेव्हा भरती." पौर्णिमेची तिथी पंधरावी, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान भरती, आणि साधारण सहा तासांनी, सूर्यास्ताच्या सुमाराला, ओहोटी. मुंबईच्या किनाऱ्यावर हे गणित फार सुंदर जमतं: पौर्णिमेच्या संध्याकाळी पाणी लांब गेलेलं असतं, पश्चिमेला सूर्य समुद्रात बुडत असतो आणि त्याच सुमाराला पूर्वेला शहरावर चंद्र चढत असतो. मावशींनी बजावलंही, "आठाच्या पुढं थांबू नका, पाणी परत फिरतं. आणि आत कुणी जायचं नाही." आम्ही भरती-ओहोटीचा तक्ता पाहिला, तोही तेच सांगत होता. विधीचं वेळापत्रक त्यांच्या शब्दावर बेतलं.

परवानगीचं काम मी लवकर उरकलं. जवळच्या चौकीत जाऊन सांगितलं: पंधरा-वीस माणसं, पणत्या, लाउडस्पीकर नाही, होळी नाही, पाण्यात काही सोडणार नाही. हवालदारसाहेब म्हणाले, "वर्षश्राद्ध आहे का मॅडम?" मी म्हटलं, तसंच समजा, सगळ्यांचं मिळून. याच्या आधी मी 2013 चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदाही वाचला होता. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर आधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. जादू हा शब्द ज्यांच्या परंपरेच्या आसपास फिरतो, अशा प्रत्येक गटाने तो वाचावा असं माझं ठाम मत आहे. आमच्या गटाचा नियम त्यातून पक्का झाला: आजार बरा करतो असं कुणी म्हणायचं नाही, अंगात आल्याचा दावा करून कुणावर वजन टाकायचं नाही, दक्षिणा किंवा फी घ्यायची नाही. दुःखात असलेली माणसं समोर बसणार असतील तर हे कुंपण हवंच.

पाहणीच्याच संध्याकाळी आम्ही पणत्या लावून पाहिल्या. समुद्रावरच्या वाऱ्यात एकही टिकेना. काचेच्या बरण्या आणा, कंदील आणा, असं सुरू झालं. काकांनी गुडघ्यावर बसून ओंजळीने वाळू उपसली, वीतभर खळगा केला, तळाशी ओली वाळू लागली तिच्यावर पणती बसवली. ज्योत सरळ उभी राहिली. त्या क्षणी मला विधीचं मधलं काम सापडलं. प्रत्येकाने आपल्या माणसासाठी स्वतःच्या हाताने खळगा खणायचा आणि त्यात दिवा ठेवायचा. मी कितीही विचार केला असता तरी हे कागदावर सुचलं नसतं.

आकाराची एक गोष्ट मला आईने दिली. मी तिला सगळं सांगत होते, तर ती म्हणाली, "म्हणजे भोंडलाच की." आणि खरंच: मध्ये पाटावर हत्ती, भोवती फेर, एकीने सांगायचं आणि बाकीच्यांनी उचलून धरायचं, शेवटी खिरापत. भोंडल्यात कागद कुणाच्याच हातात नसतो, कारण ध्रुवपद छोटं असतं आणि दोन फेऱ्यांत पाठ होतं. तेच घेतलं. प्रत्येकाने पुढे यायचं, नाव घ्यायचं, त्या माणसाचे हात काय करायचे ते एका वाक्यात सांगायचं, दिवा लावायचा. मग सगळ्यांनी म्हणायचं: 'नाव घेतलं, दिवा लावला, आमच्यात बसा.' शब्द इतकेच. वेळेचं गणितही मांडलं. माणशी दोन मिनिटं धरली तर वीस जणांची चाळीस मिनिटं होतात. वाळूत बसून तेवढं जमतं, त्याच्या पुढे लक्ष सुटतं. म्हणून विसाव्या माणसानंतर नावनोंदणी थांबवली.

फिरायची दिशा यावरही बोलणं झालं. एरवी वर्तुळात सूर्याच्या चालीने, म्हणजे प्रदक्षिणेसारखं फिरतात. गेलेल्यांच्या विधीत काही गट मुद्दाम उलटे फिरतात. आपल्याकडेही पितरांच्या कामात जानवं अपसव्य होतं, म्हणून काही जणांना ते जवळचं वाटलं. पण आमच्यातल्या दोघांच्या घरी नुकतीच दिवसकार्यं झाली होती, आणि उलटं फिरणं त्यांना थेट स्मशानात घेऊन गेलं असतं. आम्ही सरळच फिरलो. शरीराला आठवतं ते फार बलवान असतं, आणि विधी चालवणाऱ्याने ते कुणाच्या अंगावर सोडताना विचार करायलाच हवा.

जबाबदाऱ्या वाटून दिल्या. आवाज काकांचा, कारण लाटांच्या वर तोच पोचतो. घड्याळ आणि पाण्याकडे लक्ष आयटीतल्या एका मुलाचं. नर्सताईंना मी वर्तुळाच्या कडेला बसवलं: कुणी उठून बाहेर गेलं, कुणाला रडू आवरेना, तर त्यांनी शेजारी जाऊन बसायचं, समजावायचं नाही. हे काम मी स्वतःकडे ठेवलं नाही. चालवणाऱ्याची नजर सगळ्यांवर हवी, एकावर अडकली की बाकीचे सुटतात.

त्या संध्याकाळी दिशांना हाक द्यायला भाषण लागलंच नाही. पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला पृथ्वी, ही तिकडची रूढ मांडणी. मढला पश्चिमेला खरोखरच समुद्र आहे. काकांनी घोटाभर पाण्यातून तांब्या भरून आणला आणि प्रत्येकाने त्यात बोटं बुडवली. उत्तरेला सगळ्यांनी वाळूवर तळवे टेकले, दक्षिणेला एकाने समई पेटवली, पूर्वेला तोंड करून लांब श्वास घेतला. मध्यभागी लोंब्यांची पेंढी होती.

मग नावं सुरू झाली. नर्सताईंनी आजीचं नाव घेतलं, "तिचे हात रॉकेलच्या वासाचे होते, ती रेशनच्या रांगेत उभी राहायची." एका मुलाने वडिलांचा अडकित्ता आणला होता, तो त्याने खळग्याशी ठेवला आणि तो काहीच बोलला नाही, आम्ही ध्रुवपद म्हटलं. शिक्षिकाताई तीनच दिवसांपूर्वी, 2 नोव्हेंबरला, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या मृतांच्या स्मरणदिनी, वसईच्या दफनभूमीत मेणबत्त्या लावून आल्या होत्या. त्यांनी पुन्हा आईचं नाव घेतलं आणि म्हणाल्या, इथे तिला नवीन शेजारी मिळाले. एक ताई पहिल्यांदाच आल्या होत्या, घरातल्या थोरल्या. वडिलांचं सगळं धाकट्या भावाने केलं, यांच्या हातून पाण्याचा थेंबही सुटला नव्हता. त्यांनी खळगा खूप खोल खणला, कोपरापर्यंत हात आत जाईस्तोवर. आम्ही थांबलो. काकांनी ध्रुवपद सुरू केलं नाही, माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवून थांबा म्हटलं. ताईंनी दिवा ठेवला, वडिलांचं पूर्ण नाव आडनावासकट घेतलं, आणि मग स्वतःच ध्रुवपद सुरू केलं. अशा वेळी वेळापत्रक बाजूला ठेवायचं असतं. तेवढी मोकळीक राहावी म्हणूनच मी आधी इतकं छाटलं होतं.

शेवट मी घाईत होऊ दिला नाही. तिकडे केक आणि वाइन असते. आम्ही तांदळाच्या भाकरी, गूळ-खोबरं, उकडलेल्या शेंगा आणि कोकम सरबत ठेवलं होतं. पहिलं पान गेलेल्यांसाठी वाढलं आणि पहिले चार घास सगळ्यांनी मौनात खाल्ले. मग गप्पा फुटल्या, हसू आलं, कुणीतरी दुसरी भाकरी मागितली. माणसं परत आपल्या अंगात आली हे मला अशा मागण्यांवरून कळतं. आभार मानले, वर्तुळ उघडलं, प्रत्येकाने आपली पणती उचलली, खळगा बुजवला, वाती-तेल गोळा करून पिशवीत भरलं. आठच्या आत आम्ही रस्त्यावर होतो. पाणी फिरलं होतं.

घरी परतल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी प्रत्येकाला फोन केला. हे करायलाच हवं, कारण अशा संध्याकाळचं काही जणांच्या मनात नंतर वर येतं. त्या थोरल्या ताईंनी विचारलं, भावाला पुढच्या वर्षी आणू का? मी म्हटलं, आणा, पण त्याला आधी सगळं सांगा आणि नाही म्हणायची मोकळीक द्या.

पुढचा विधी नर्सताई बांधणार आहेत, मे महिन्यात. तो आठ सणांत बसत नाही, इथल्या आकाशातून आला आहे: 15 मेच्या सुमाराला मुंबईत सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी साडेबारानंतर काही क्षण उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते. हेतूचं वाक्य अजून ठरायचंय. त्यांच्या सोसायटीच्या गच्चीची चावी सेक्रेटरींकडे मागून ठेवली आहे, आणि भर उन्हात वयस्कर माणसांना किती वेळ उभं ठेवायचं यावर आमचं बोलणं चालू आहे. मी दहा मिनिटांच्या वर जाऊ नये असं म्हणतेय, काका पंधरावर अडून बसलेत.