चकरांपासून खराऱ्यापर्यंत: आमची वाटचाल

सुरुवातीला आम्ही चकरा विकत होतो. दुसरा शब्द नाही त्याला. तीन घोडे, भाड्याचं मैदान आणि चुन्याने आखलेलं रिंगण. मूल आलं की उचलून खोगिरावर बसवायचं, लगाम धाकट्या भावाच्या हातात, दहा मिनिटं गोल गोल, एक फोटो, की पुढचं मूल. सुट्टीत रांग लागायची. भाऊ रात्री गल्ला मोजायचा आणि म्हणायचा, "ताई, अजून एक घोडा घेऊया." मलाही वाटायचं, धंदा असाच असतो.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बदाम बिघडला. बदाम म्हणजे आमचा सगळ्यात गरीब घोडा. एखाद्या पोराने शेपूट ओढलं तरी नुसती मान वळवून बघणारा. तो तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, आवळताना दात दाखवू लागला. खोगीर घेऊन कुणी येताना दिसलं की कान मागे आणि तोंड भिंतीकडे. आम्ही काय केलं, तर "लबाड झालाय" म्हणून आवाज चढवला. आमच्या घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार मामांनी दोनदा सांगितलं की याला काहीतरी दुखतंय. ऐकलं नाही. सुट्टीचा हंगाम होता.

शेवटी डॉक्टर आले. त्यांनी कसलंही यंत्र काढलं नाही. खांद्यामागून कंबरेपर्यंत, कण्याच्या कडेकडेने बोटांची टोकं दाबत गेले. एका जागी बदामची कातडी थरारली आणि पाठ खचल्यासारखी खाली गेली. तिथेच, खोगिराच्या मागच्या कडेखाली, रुपयाएवढा पांढऱ्या केसांचा ठिपका होता. तो मी कित्येक महिने रोज बघत होते. मला वाटायचं, रंगच तसा आहे. एकाच जागी दाब पडत राहिला की कातडी दुखावते आणि त्या जागी पुढे पांढरे केस उगवतात, हे मला तेव्हा कळलं. खोगिराची गादी एका बाजूने बसली होती. घोडा बिघडला नव्हता, सामान बिघडलं होतं आणि त्याहून जास्त आम्ही.

सहा आठवडे बदामवर खोगीर टाकायचं नाही, असं ठरलं. बाकी दोघांचीही खोगिरं तपासायला दिली आणि चकरा बंद केल्या. गिऱ्हाईक अर्थातच गेलं. पण सात मुलं येत राहिली. बसायला मिळणार नाही हे माहीत असूनही. मग त्यांना काहीतरी द्यायला हवं म्हणून मामांनी प्रत्येकाच्या हातात खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा दातेरी ब्रश, दिला. आजची आमची घोडेस्वारीची शाळा त्या सात खराऱ्यांतून उभी राहिली. त्यात आमची दूरदृष्टी वगैरे काही नव्हती.

आता आमच्याकडे नवीन मूल आलं की पहिले काही तास ते खोगिरावर चढतच नाही. आधी जवळ जायला शिकतं. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. दिसत नाही ते अगदी कपाळासमोरचं आणि शेपटीमागचं. म्हणून सरळ समोरून किंवा मागून जायचं नाही. खांद्याच्या रोखाने, बोलत बोलत जायचं आणि पहिला हात मानेवर ठेवायचा, नाकावर नाही. मग रबरी खरारा गोल गोल फिरवून धूळ आणि सुटे केस वर काढायचे आणि ब्रशने केसांच्या दिशेने झाडायचे. तंग येतो ती जागा तळव्याने चाचपायची. वाळलेल्या चिखलाचा हरभऱ्याएवढा खडा तिथे राहिला तरी पुढे जखम होते.

मुलांना सगळ्यात आवडतं ते खूर साफ करणं. पायाशी, घोड्याच्या शेपटीकडे तोंड करून उभं राहायचं, हात खांद्यापासून खाली सरकवत न्यायचा आणि "पाय" म्हणायचं. शिकवलेला घोडा पाय उचलून हातात देतो. चारेकशे किलोचं जनावर आपण सांगितलं म्हणून पाय उचलतं, तेव्हा आठ वर्षांच्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. खूर साफ करायच्या आकडीने घाण टाचेकडून टोकाकडे काढायची. मधल्या त्रिकोणी मऊ भागात टोचायचं नाही. वास घ्यायचा. हो, वासच. तो भाग सडायला लागला की घाणेरडा, ओळखू येणारा वास येतो. पालक नाक धरतात, मुलं आळीपाळीने वास घेतात.

हे सगळं ऐकायला छान वाटतं, पण धंद्याच्या दृष्टीने इथेच आमचं घोडं पेंड खायचं. "तासभरात प्रत्यक्ष घोड्यावर किती मिनिटं?" हा पालकांचा पहिला प्रश्न. पस्तीस, असं उत्तर दिलं की उरलेल्या पंचवीस मिनिटांत आमच्या मुलाकडून तुम्ही तुमचं काम करून घेता, असंही एकांनी तोंडावर सुनावलं. त्यांचं पूर्ण चूक नव्हतं. मुलाने नीट खरारा करायला जेवढा वेळ लागतो त्यात मामा तीन घोडे आटपतात. काम वाचत नाही, वाढतं. पण हे सांगून पटत नाही. मग आम्ही पालकांनाच एक दिवस आत बोलावून त्यांच्या हातात खूर देऊ लागलो. तक्रारी निम्म्यावर आल्या. उरलेले निम्मे गेले, आणि खरं सांगायचं तर बरं झालं.

हिशेबाचं थोडं सांगते, कारण हा धंदा करू पाहणारे बरेच जण विचारतात. घोडा सुट्टीच्या दिवशीही खातो. रोज वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण धरा, म्हणजे चारशे किलोच्या घोड्याला सहा ते आठ किलो. पाणी पंचवीस ते पन्नास लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. दर सहा ते आठ आठवड्यांनी नालबंद, मग जंताचं औषध, धनुर्वाताची लस, वर्षातून एकदा दातांची तपासणी. उत्पन्नाची बाजू मात्र आपणच बांधून घेतलेली. एक घोडा दिवसाला दोनच तास शिकवणार, आठवड्यातून एक दिवस त्याचा स्वतःचा, आणि बसणारा अधिक खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या वीस टक्क्यांवर जायचं नाही. भावाने हा नियम कागदावर पाहिला तेव्हा म्हणाला, "हे घोड्यांचं संस्थान झालं, धंदा कुठाय?" तीन वर्षं तोट्यात गेली. चौथ्या वर्षी त्याच्या लक्षात आलं की नवीन मुलं शोधायचा खर्च जवळजवळ संपलाय. आलेलं मूल चार-चार वर्षं जात नाही.

बसायला लागल्यावरही घाई नाही. आधी लांब दोरीवर, मी मध्ये उभी आणि घोडा भोवती. मुलाच्या हातात लगाम नाही, कधीकधी रिकिबीही नाहीत. मांड पक्की होईपर्यंत लगाम दिला की मूल तोल सांभाळायला त्यालाच लोंबकळतं आणि तो सगळा झटका घोड्याच्या तोंडात जातो. संथ चालीला टापांचे चार ठोके, दुडक्या चालीला दोन, कॅंटरला, म्हणजे हलक्या दौडीला, तीन. डोळे मिटून ठोके मोजायला लावते. दुडक्या चालीत खोगिरावरून उठबस जमायला कुणाला दोन दिवस लागतात, कुणाला दोन महिने. हुशारीशी त्याचा संबंध नसतो.

एक मुलगा होता, त्याच्याखाली आमची घोडी काजळ चालायचीच नाही. चार पावलं आणि थांब. टाच लावली तरी थांब. आठवडाभर आम्ही टाचेवरच डोकं फोडत होतो. मग भावाने बाहेरून पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तो श्वास धरतोय." श्वास धरला की पोट आणि मांड्या आवळतात, आणि काजळला ती थांबायची खूण शिकवलेली. बिचारी आज्ञाच पाळत होती! बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा टाप आपटून गणितांची उत्तरं देतो म्हणून गाजला होता. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलतं आणि हान्स तेवढ्यावर थांबतो. ही गोष्ट मी त्या मुलाला सांगितली. त्याला गाणं म्हणत चालवायला लावलं, कारण गाताना श्वास धरता येत नाही. काजळ निघाली. सूर भयंकर होता.

अपघात झाले का? झाले. सगळ्यात वाईट झाला तो आमच्या चुकीने. एका मुलीने घोडा नेताना दोरीचा वेढा हाताला घेतला, घोडा पत्र्याच्या आवाजाला बिचकला आणि ती दहा-बारा पावलं फरफटत गेली. बोट मोडलं. वेढा घ्यायचा नाही, दोरी घडी करून मुठीत धरायची, हे सांगितलं होतं. पण बघायला तिथे कुणी नव्हतं. तेव्हापासून तीन मुलांमागे एक मोठं माणूस, आणि पडल्यावर डोकं आपटलेलं हेल्मेट, वरून धड दिसलं तरी, त्याच दिवशी बाद. आतला थर एकदाच मार खातो.

आज आठ घोडे आहेत. बदाम आता शिकवत नाही, फक्त खरारा करून घेतो. गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी दहा वर्षांची एक मुलगी मामांकडे आली आणि म्हणाली, "बदामच्या ठाणात सकाळपासून दोनच लिदी आहेत, आणि तो सारखा पोटाकडे बघतोय." घोडा दिवसाला आठ-दहा वेळा तरी लीद टाकतो, हे तिला पाठ होतं. मामांनी नाडी मोजली. एरवी चाळिशीच्या आत असते, ती छप्पन्न भरली. पोटशूळ. घोड्याला उलटी होत नाही, आत अडकलं की वर यायला वाटच नसते. वैरण काढून घेतली, डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पोटाला कान लावला, इंजेक्शन दिलं, नाकातून नळी घालून औषध सोडलं. मुलीला घरी जा म्हटलं तर ती वही घेऊन ठाणाबाहेर बसली. तिचे वडील न्यायला आले, तेही तिच्या शेजारी बसले.

ती वही अजून तबेल्यात खिळ्याला टांगलेली आहे. त्या पानावर दर पंधरा मिनिटांची नाडी लिहिली आहे: छप्पन्न, बावन्न, बावन्न, अठ्ठेचाळीस, चव्वेचाळीस. त्याखाली मोठ्या अक्षरांत, दोनदा अधोरेखित: "रात्री ९.४०. बदामने लीद टाकली. बाबांनी टाळ्या वाजवल्या."